अकरा मुखांतील पाहुणा

एक

दोष कोणाचा, हा प्रश्न जेथे उभा राहतो तेथे पहिले बोट बहुधा सर्वांत जवळच्या आणि सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाकडे वळते. ते बोट खरे असेल तर न्याय झाला असे आपण म्हणतो. ते खोटे असेल, तर एका निरपराध माणसाचे उरलेले आयुष्य त्याच्या सावलीत जाते, आणि बोट उचलणाऱ्याला बहुतेक वेळा त्याची आठवणही राहत नाही. म्हणून शोध घेणाऱ्याने घाईला दूर ठेवावे, आणि दयेलाही थोडे दूरच ठेवावे. वाट जेथे नेईल तेथे जाण्याची तयारी त्याच्यापाशी असली म्हणजे पुरे.

मुलुंड पूर्वेच्या सदानंद दंतचिकित्सालयात चैत्रातल्या एका गुरुवारी दुपारी असे बोट उचलले गेले.

डॉ. शर्मिष्ठा गुप्ते यांच्या मेजावर काचेच्या साठ लहान ताटल्या ओळीने मांडल्या होत्या. नाहूरच्या प्रभात वसाहतीतील साठ मुलांच्या तोंडांतील लाळ त्या ताटल्यांत दोन दिवस वाढवली होती. दात किडतो तो अळीमुळे नव्हे. साखर खाऊन आम्ल सोडणाऱ्या जिवाणूंची वस्ती तोंडात वाढली की दात झिजतो. औषधाने सगळी वस्तीच मारली तर तेच जिवाणू पुन्हा येऊन बसतात. त्यापेक्षा आम्ल न सोडणारा एक सोशिक जिवाणू तोंडात आधीच वसवावा, म्हणजे दुष्टांना जागाच उरणार नाही, असा शर्मिष्ठाबाईंचा विचार होता आणि त्यासाठी त्यांनी सात वर्षे घालवली होती.

त्या साठांपैकी तीस मुलांना दर शनिवारी खऱ्या जिवाणूचे थेंब दिले गेले. उरलेल्या तिसांना दिसायला तसेच, परंतु साधे थेंब मिळाले. एका बाटलीवर वर्तुळ होते, दुसरीवर त्रिकोण. कोणती खरी, हे दवाखान्यात कोणालाच ठाऊक नव्हते. ती चिठ्ठी घाटकोपरच्या एका प्रयोगशाळेत मोहोरबंद होती आणि दहा महिन्यांनी, त्या गुरुवारी, प्रथमच उघडली गेली.

हा जिवाणू ताटलीत फिकट केशरी ठिपके धरतो. खऱ्या थेंबांच्या तीस ताटल्यांपैकी सत्तावीस केशरी झाल्या होत्या. साध्या थेंबांच्या तिसांत एकही केशरी ठिपका दिसायला नको होता. दिसले अकरा ताटल्यांत.

शर्मिष्ठाबाईंचे साहाय्यक डॉ. केयूर प्रधान यांनी त्या अकरांच्या यादीवरून नजर फिरवली आणि एका नावावर थांबले. जान्हवी. दवाखान्याचे मदतनीस लवू घाडी यांची नात. थेंबांच्या फ्रीजची चावी लवूकडे असे.

बाहेर बाकावर रुग्ण बसलेले होते आणि दार उघडे होते. लवूने खरे थेंब चोरून नातीला आणि इतरांना दिले, तो चोर आहे, हे केयूरचे शब्द सर्वांनी ऐकले. लवूने खिशातून चावी काढली, मेजावर ठेवली, आणि तो पायऱ्या उतरून गेला.

त्याला तसे जाताना शर्मिष्ठाबाईंनी पाहिले. बाकावरच्या कोणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्या जिवाणूचे मूळ एका मुलखावेगळ्या तोंडात सापडले होते. शहाऐंशीव्या वर्षी एकही दात न किडलेल्या शेवंतीबाई घाडी यांच्या तोंडात. लवूने चोरले असे जे म्हटले जात होते, ते त्याच्या दिवंगत आईचे देणे होते.

दोन

प्रत्येक वैद्यकीय प्रयोगावर एक नीतिसमिती देखरेख करते, आणि तिच्यात वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिक असावा लागतो. येथे ते स्थान बाळ करंदीकर यांच्याकडे होते. वय चौऱ्याहत्तर, मुलुंडच्या एका शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. ते प्रभात वसाहतीतच राहत. शनिवारी संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात मुलांकडून स्तोत्रे पाठ करून घेत, आणि माघी गणपतीच्या आरतीसाठी त्यांनी यंदा काही मुलांना शंख वाजवायलाही शिकवले होते. मुले आणि त्यांचे पालक सर्व परिचयाचे, म्हणून चौकशी त्यांनीच करावी असे ठरले.

समितीचे अध्यक्ष नंदकिशोर देवधर हे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी दूरध्वनीवर मोजकेच सांगितले. सोमवारी चार वाजता बैठक होईल. तोवर दुसरे काही उघड झाले नाही, तर लवू घाडीविरुद्ध पोलिसांत तक्रार जाईल आणि प्रयोग कायमचा बंद होईल.

करंदीकर त्याच संध्याकाळी लवूच्या घरी गेले. नाहूर स्थानकामागे, वसाहतीच्या कडेच्या तीन मजली जुन्या इमारतीत दोन खोल्या होत्या. लवू जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. शेजारच्या दारातून दोन बायका आत डोकावून गेल्या, तेव्हा त्याच्या मुलीने दार ओढून घेतले. जान्हवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. आपल्या तोंडात असे काय सापडले की आजोबांना घरी यावे लागले, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

"बसा सर," लवू म्हणाला. "माका इचारूक इलास काय?"

करंदीकरांनी होकार दिला, आणि विचारावे लागते आहे याचे वाईट वाटते असेही सांगितले.

"वाईट कित्याक वाटूक होया? इचारा." रागावला की लवूची भाषा मुंबई सोडून गावाला जात असे. "ता माझ्या आवशीच्या तोंडातला. आवशीचा ता माझा. माझाच मी चोरूचा कित्याक?"

करंदीकरांना हे बोलणे पटले, पण न्यायाधीशांना ते पटणार नाही, हेही कळले. मन पटवणारी गोष्ट पुरावा नसते. त्यांनी विचारले की चोरी झाली नाही हे दाखवण्यासारखे काही आहे का.

लवूने जमिनीवर बोटाने एक आडवी रेघ ओढली. मग म्हणाला, "बाटल्यो बघा. रिकाम्यो पण. मी फेकूक नाय."

त्याचे वडील गिरणीच्या रंगखात्यात होते. रंगाच्या पिंपावर रोज संध्याकाळी उरलेल्या पातळीची खूण करण्याची त्यांची रीत होती, आणि कोणी न सांगता ती लवूच्या हातात आली होती. शुक्रवारी सकाळी करंदीकरांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीतील खोके उघडले. प्रत्येक बाटलीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, शनिवारामागून शनिवार. तीस मुले, प्रत्येकी तीन थेंब. शर्मिष्ठाबाईंनी मापे घेतली. दहा महिन्यांत एकाही शनिवारी एकही रेघ जास्त खाली उतरलेली नव्हती.

थेंब फ्रीजबाहेर गेलेच नव्हते. तरीही ते अकरा तोंडांत पोहोचले होते.

तीन

"सर, तुम्ही भावनेने बघताय," केयूर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. हुशार होते, कामसू होते, आणि उत्तर लवकर सापडले की त्यांना दुसऱ्याची गरज वाटत नसे. "खऱ्यातलं काढून त्यात पाणी टाकलं असेल. रेघ तीच राहणार ना."

करंदीकरांनी शर्मिष्ठाबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या की प्रत्येक रिकाम्या बाटलीचा तळाचा उरलेला अंश घाटकोपरची प्रयोगशाळा रीतसर तपासत आली आहे, आणि ते आकडे काल चिठ्ठीबरोबरच आले. पाणी मिसळलेले असते तर जिवाणूंची संख्या घसरली असती. ती घसरलेली नव्हती.

"मग बाटल्यांची अदलाबदल."

अदलाबदल झाली असती तर जितक्या साध्या मुलांना लाभ झाला तितकीच खरी मुले वंचित राहिली असती. खऱ्यांपैकी वंचित तिघेच होते, आणि त्या तिघांनीही हिवाळ्यात तापासाठी प्रतिजैविक गोळ्या घेतल्याची नोंद होती.

करंदीकर सावकाश म्हणाले, "आणखी एक सांगा, डॉक्टर. वर्तुळ खरे की त्रिकोण, हे कालपर्यंत तुम्हाला माहीत होते का?"

"नाही."

"मग लवूला कसे?"

केयूरनी मेजावरचे कागद गोळा केले. बाहेर जाताना ते म्हणाले की तक्रारीचा मसुदा त्यांनी लिहून ठेवला आहे, सोमवारी फक्त सही लागेल.

दुपारी करंदीकर रेवती खांबेटे यांच्याकडे गेले. प्रयोगाच्या आरंभी आपल्या श्रेयसला खरेच थेंब मिळावेत म्हणून त्या दवाखान्यात भांडल्या होत्या, हे सर्वांना ठाऊक होते.

"हो, मागितलं होतं मी," रेवतीबाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? चार दाढा किडल्यात त्याच्या. कुठली आई मागणार नाही? मॅडम नाही म्हणाल्या, विषय संपला. आणि सर, मी काही केलं असतं तर माझा मुलगा अकरांत असता ना?"

श्रेयस अकरांत नव्हता. तो साध्या तिसांत होता आणि त्याची ताटली स्वच्छ होती. चोरी करण्याचे कारण जिच्यापाशी होते तिच्या घरी काहीच पोहोचले नव्हते.

करंदीकरांनी परत येऊन शर्मिष्ठाबाईंकडे जुन्या तपासण्या मागितल्या. मुलांची लाळ याआधी दोनदा घेतली होती. तेव्हा मोहोर उघडलेली नसल्यामुळे निकाल नुसत्या क्रमांकांनी नोंदवले गेले होते. आता त्या क्रमांकांसमोर दोघांनी नावे लिहिली. भाद्रपदाच्या अखेरीस साध्या तिसांत एकही केशरी ताटली नव्हती. डिसेंबरात चार. आता अकरा.

शर्मिष्ठाबाईंनी तिन्ही आकड्यांखाली रेघ ओढली.

कोणी दयेने किंवा लोभाने थेंब वाटले असते तर ते एकदम दिसले असते. हे तसे नव्हते. शून्य, मग चार, मग अकरा. एखादी बातमी पसरावी तसे ते एकातून दुसऱ्यात जात होते.

"सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे कोणी दिलं नाहीये. हे तोंडातून तोंडात जातंय. आणि कुठून, ते मला कळलं नाही तर सोमवारपर्यंत अजून किती मुलं, तेही मला सांगता येणार नाही."

चार

लाळेवाटे जंतू जातात ही शंका शर्मिष्ठाबाईंना पहिल्या दिवसापासून होती. म्हणून सख्ख्या भावंडांना त्यांनी एकाच गटात घातले होते. पालकांकडून दर महिन्याला एक प्रश्नपत्रिका भरून घेतली होती. मूल दुसऱ्याच्या डब्यातले खाते का, दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावते का, चमचा, पेला, ब्रश वाटून घेते का. करंदीकरांनी शुक्रवारी सायंकाळी त्या अकरा घरांच्या सर्व पत्रिका वाचल्या. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर होते. आमच्याकडे उष्टे खात नाहीत.

ते खोटे नव्हते. या घरांत मूल बोलू लागते तेव्हाच त्याला उष्ट्याचा अर्थ कळतो. भाऊ भावाच्या ताटातला घास घेत नाही, पाहुण्याच्या पेल्याला कोणी तोंड लावत नाही.

त्यांनी अकरा नावे एका कागदावर लिहिली. तीन वेगवेगळ्या शाळा. पाच इमारती. सात मुली, चार मुलगे. एकत्र खेळणारी फार तर तिघे. एकच गोष्ट समान होती आणि ती त्यांना प्रथमदर्शनीच दिसली. अकराही मुले त्यांच्या स्तोत्रांच्या वर्गाला येत.

त्यांनी त्या गोष्टीचा प्रामाणिकपणे विचार केला आणि ती बाजूला ठेवली. वर्गाला साध्या गटातली आणखी सात मुले येत होती, त्यांत श्रेयसही होता, आणि त्या सातांच्या ताटल्या स्वच्छ होत्या. शिवाय वर्गात कोणी काही खात नसे. पाण्याची बाटलीदेखील हातोहात फिरू नये असा त्यांचाच नियम होता. एका सभागृहात बसून म्हटलेल्या स्तोत्रांनी अकरांना जंतू दिले आणि सातांना दिले नाहीत, हे संभवत नव्हते.

रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. शनिवारी सकाळी पूजेला बसले तेव्हाही अकरा नावे मनात फिरत होती. देवांना स्नान घालण्यासाठी त्यांनी शंख उचलला आणि तांब्यातले पाणी त्यात ओतणार, तोच पत्नी रत्नप्रभाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या,

"अहो, तो नव्हे. तो वाजवायचा. उष्टा शंख देवावर धरताय?"

करंदीकरांचा हात थांबला.

देवघरात दोन शंख असत. एक पूजेचा. त्यात पाणी भरून देवांवर घालायचे, त्याला कधी तोंड लावायचे नाही. दुसरा वाजवायचा. तो तोंडाला लागतो म्हणून देवाला चालत नाही. हा भेद त्यांना वडिलांनी शिकवला होता आणि त्यांनी तो साठ वर्षे पाळला होता. देवाला माणसाचे उष्टे लागू नये यासाठी या घरात दोन शंख होते.

आणि सभागृहात एकोणीस मुलांसाठी एकच होता.

त्यांनी हातातला शंख खाली ठेवला. पूजा अर्ध्यावर सोडून ते उठले, हे रत्नप्रभाबाईंनी पन्नास वर्षांत प्रथमच पाहिले.

पाच

दसऱ्याला त्यांनी शंख शिकवायला सुरुवात केली होती. मोठा, जड, कोकणातून आणलेला शंख. नवशिक्याची फुंक त्यात विरून जाते, आवाज निघत नाही. एक मूल फुंके, चुके, मग करंदीकर शंख घेऊन स्वतः वाजवून दाखवत, मग तो पुन्हा त्या मुलाकडे, मग पुढच्याकडे. मधे ओल्या पंच्याने कड पुसायची एवढाच संस्कार. तो शंख होता, त्याला उष्टे म्हणायचे कोणाच्या मनातही आले नाही. पालकांच्या नाही, मुलांच्या नाही, आणि उच्छिष्टाचे नियम ज्यांना तोंडपाठ होते त्यांच्याही नाही.

त्यांनी कपाटातून माघी गणपतीच्या शंखपथकाची यादी काढली. एकोणीस नावे. आठ खऱ्या थेंबांची मुले, अकरा साध्या. तीच अकरा. श्रेयसला दम्याचा त्रास, म्हणून तो फक्त स्तोत्रे म्हणत असे. इतर सहा जणांना पथकात घेतलेले नव्हते. माघानंतरही दर शनिवारी सराव चालूच होता, आणि त्याच दिवशी संध्याकाळी तो पुन्हा व्हायचा होता.

त्यांनी प्रथम वर्ग बंद असल्याचा निरोप एकोणीसही घरी पाठवला. मग रत्नप्रभाबाईंना सर्व सांगितले.

त्यांनी देवापुढचा दिवा सारखा केला. मग म्हणाल्या, "हे तुमच्याशिवाय कोणाच्या लक्षात आलंय का?"

"नाही."

"लोक काय म्हणतील माहीत आहे ना? शास्त्र शिकवणाऱ्यानं साऱ्या वसाहतीच्या पोरांना उष्टं पाजलं."

"म्हणतील."

"मग बोला जाऊन," त्या म्हणाल्या. "त्या लवूच्या पोरीचे डोळे सुजलेत रडून. मी काल बाजारात पाहिलं तिला."

परंतु बोलणे म्हणजे पुरावा नव्हे. शंख आठवडाभर कोरडा पडलेला होता, त्याच्यात आता काही जिवंत सापडणार नव्हते. पुन्हा वर्ग भरवून पाहणे म्हणजे जाणूनबुजून मुलांच्या तोंडाशी खेळणे. ते शर्मिष्ठाबाईंनाही मान्य नव्हते आणि करंदीकरांनाही. दोघे दवाखान्यातल्या रिकाम्या खोलीत समोरासमोर बसले होते. तेवढ्यात करंदीकरांनी आपले तोंड उघडले.

"माझी लाळ घ्या," ते म्हणाले.

शर्मिष्ठाबाईंना समजायला एक क्षण लागला. एकोणीस मुलांच्या प्रत्येक फुंकेनंतर ज्याने शंखाला तोंड लावले असा एकच माणूस होता. त्याने आयुष्यात एकही थेंब घेतला नव्हता. फ्रीजच्या खोलीत तो कालपर्यंत गेलाही नव्हता.

"सर, मोठ्या माणसाच्या तोंडात हा सहसा टिकत नाही," त्या म्हणाल्या. "नाही आला तर?"

"नाही आला तर माझ्याजवळ एक यादी राहील आणि केयूरजवळ एक चावी. देवधरसाहेब कोणती उचलतील, ते तुम्हाला माहीत आहे."

ताटलीला अठ्ठेचाळीस तास लागतात. शनिवारची दुपार, सारा रविवार. रविवारी लवूच्या मुलीचा दूरध्वनी आला. बाबा दोन दिवस जेवलेले नाहीत, गावाला निघून जातो म्हणतात. करंदीकरांना तिला आशा द्यावीशी वाटली, पण हातात नसलेली वस्तू देता येत नाही. त्यांनी एवढेच सांगितले की सोमवारी संध्याकाळपर्यंत त्यांना जाऊ देऊ नकोस.

सोमवारी बाराला शर्मिष्ठाबाईंनी उबवणपेटीचे दार उघडले. केयूरही तेथे होते. ताटली उजेडाकडे धरली, आणि पहिल्या नजरेत तीत काहीच दिसले नाही.

सहा

चार वाजता समिती बसली. मेजावर तक्रारीचा मसुदा होता आणि त्याच्याशेजारी एक झाकलेली ताटली.

करंदीकर उभे राहिले. अध्यक्षांनी त्यांना बसून बोलावे असे सुचवले, ते त्यांनी नम्रपणे नाकारले. जो आरोपी म्हणून बोलणार होता त्याने उभे राहावे असे त्यांना वाटत होते, पण हे त्यांनी अद्याप सांगितले नव्हते.

त्यांनी बाटल्यांवरच्या रेघांपासून सुरुवात केली. थेंब बाहेर गेले नाहीत. पाणी मिसळले गेले नाही. अदलाबदल झाली नाही, आणि कोणती बाटली खरी हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणजे जे पोहोचले ते फ्रीजमधून नव्हे, खऱ्या गटाच्या मुलांच्या तोंडांतून. दसऱ्याआधी शून्य, त्यानंतर चार, मग अकरा. म्हणजे मार्ग दसऱ्याला उघडला. भावंडे नव्हेत, शाळा नव्हेत, डबे नव्हेत. मग त्यांनी शंखपथकाची यादी पुढे ठेवली आणि शांत स्वरात म्हणाले,

"हा मार्ग मी उघडला. शंख माझा होता."

न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"हा तर्क झाला," ते म्हणाले. "पुरावा?"

शर्मिष्ठाबाईंनी ताटली त्यांच्यासमोर ठेवली आणि भिंग दिले. दुपारी प्रथम रिकामी वाटलेल्या त्या ताटलीच्या कडेला, एकमेकांजवळ, सात बारीक केशरी ठिपके होते. त्या म्हणाल्या, "हे करंदीकरसरांच्या तोंडातले आहेत. मी स्वतः घेतले, स्वतः वाढवले. केयूर मोजायला होता."

न्यायाधीशांनी केयूरकडे पाहिले. केयूरनी मसुदा उचलला, मधोमध फाडला आणि दोन तुकडे पाकिटात ठेवले. "सात," ते म्हणाले. "मी तीनदा मोजले."

लवू निर्दोष ठरला. परंतु सर्व काही सावरले असे झाले नाही. साधा गट आता साधा उरला नव्हता, त्यामुळे कोणाचे दात किती वाचले याची तुलना करता येणार नव्हती. एक वर्ष वाया गेले होते. दुसऱ्या वसाहतीत पुन्हा आरंभ करावा लागणार होता. जिवाणू एका मुलातून दुसऱ्यात जातो, हे साठही पालकांना कळवून त्यांची संमती नव्याने घ्यावी असा समितीने निर्णय दिला. अकरा घरी आपण स्वतः जाऊन सांगू असे करंदीकर म्हणाले. मग त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला, कारण ज्याच्या तोंडात प्रयोग शिरला त्याला प्रयोगावर देखरेख करता येत नाही.

सात

बैठकीतून ते थेट नाहूरला गेले. लवूची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

करंदीकरांनी सर्व सांगितले, काही न लपवता. जान्हवीला जवळ बोलावून म्हणाले की तिने काही चुकीचे केलेले नाही, आणि तिच्या आजोबांनीही नाही, चूक सरांची होती. ती विचारात पडली आणि मग तिने विचारले की मग आता शंख कोण वाजवणार.

मूल आत गेल्यावर ते लवूला म्हणाले, "आणखी एक आहे. तुमच्या आईंचा तो जंतू आता माझ्याही तोंडात आहे. शेवंतीबाईंचे उष्टे मी खाल्ले, असेच म्हणायचे. घरात कोणाचे उष्टे कधी घेतले नाही मी. आज ते सांगताना मला लाज वाटत नाही, एवढे तुम्हाला कळावे म्हणून आलो."

चार दिवसांत प्रथमच लवूच्या ओठांच्या कोपऱ्याला हालचाल झाली.

"आवस माझी कोणाक उपाशी धाडी नाय," तो म्हणाला. "तुमका बरा सोडतली?"

मग त्याने मुलीला चहा टाकायला सांगितले. परंतु कामावर परतण्याविषयी त्याने आपली अट सांगितली. ज्या बाकासमोर त्याला चोर म्हटले, त्याच बाकासमोर ते परत घेतले पाहिजे. त्याशिवाय तो चावीला हात लावणार नाही.

बुधवारी सकाळी नऊला बाक भरलेला होता. एका बाईंचा दात दुखत होता, दोन मुले रांगेत होती, रेवतीबाई श्रेयसला घेऊन आल्या होत्या. लवू दारात उभा राहिला, आत आला नाही. केयूर खोलीतून बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्पष्ट होता.

"लवूकाका, गुरुवारी मी तुम्हाला चोर म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. ते खोटं होतं. चूक माझी आहे, आणि तीही सगळ्यांसमोर सांगतोय."

दात दुखणाऱ्या बाईंनी गालावरचा हात काढून लवूकडे पाहिले. लवूने केयूरच्या पुढे आलेल्या तळहातावरून चावी घेतली.

"बरा," तो म्हणाला. "फ्रीज उघडूचो आसा. सरका जरा."

त्या घरांतील साठ मुलांना चांगले दात लाभोत, आणि त्यांच्या तोंडांत कधी कोणाविषयी खोटा शब्द न वसो. ज्या बाईने सात वर्षे दिली तिला पुढचीही तितक्याच धीराने देता येवोत. तरुण डॉक्टरांची घाई निवो, त्यांचे धैर्य राहो. वृद्ध शिक्षकाला अकराही दारे उघडी मिळोत. आणि जी माउली आता नाही, पण अडतीस मुलांच्या आणि एका म्हाताऱ्याच्या तोंडांत अद्याप वस्तीला आहे, तिच्या लेकाला शांत झोप लागो.